तोंडी होकार

ड्वेन : खुर्च्या गरम होतात, मार्ला! पोरी कपडे बदलतात त्या खोलीतल्या खुर्च्या! बटण दाबलं की गरम!

मार्ला : ऐकलं. युनिव्हर्सिटीचं फाटक ओलांडल्यापासून तेवढंच ऐकतेय. आपल्या गाडीतला हीटर बटण दाबूनही गरम होत नाही, त्याचं काय ते बघ. काइसा, पायांवर ती चादर घे गं.

काइसा : घेतलीय.

ड्वेन : आणि स्केटना धार लावायला पगारी माणूस. पगारी! आमच्या वेळी...

मार्ला : तुमच्या वेळी तुम्ही गोठलेल्या तळ्यावर हॉकी खेळायचात आणि दगडावर धार लावायचात. हेही ऐकलंय.

ड्वेन : कपाटावर पोरीचं नाव होतं. ‘लाहती’. पितळी पाटी. आत तिच्या मापाची जर्सी. आठवीतल्या पोरीसाठी कोण करतं एवढं?

मार्ला : खरंच. मला तर भरून आलं. हातमोजे विसरले म्हणून परत आत गेले, तर एक बाई ती पाटी काढून दुसरी लावत होती.

काइसा : दुसरी म्हणजे?

मार्ला : ‘मॅ’पासून सुरू होत होती. पुढचं वाचायच्या आत तिनं माझ्या हातात कॉफी दिली.

ड्वेन : अगं, सगळ्याच मोठ्या युनिव्हर्सिट्या असं करतात. पाहुणचार म्हणतात त्याला.

मार्ला : हो का? मग यापुढे आपल्याकडे कुणी जेवायला आलं की मीही दारावरची पाटी बदलत जाते.

ड्वेन : तू चेष्टाच कर. पण कोच ब्रॅनिगन काय म्हणाली ते ऐकलंस ना? चार वर्षांची फी, राहणं, खाणं, पुस्तकं, सगळं त्यांच्याकडून. आपल्या टॅमरॅकच्या पोरीला! जिथल्या रिंकचं छप्पर गळून बर्फावर खड्डे पडतात, तिथल्या पोरीला!

मार्ला : हो, पण चार वर्षांनी. आत्ता ती चौदाची आहे, ड्वेन. दातांना तारा आहेत. परवा शाळेच्या प्रयोगातला वाटाणा उगवला नाही म्हणून रडत बसली होती.

काइसा : आई! तो उगवला होता. मग मेला.

मार्ला : मग तर रडायलाच हवं.

ड्वेन : हल्ली याच वयात ठरतं सगळं. नववी-दहावीपर्यंत थांबलं की जागा संपतात. कॅनडातल्या एका पोरीलाही विचारलंय म्हणे. रविवारपर्यंत उत्तर हवंय ब्रॅनिगनला.

मार्ला : मग करेल ना ती रविवारी फोन.

ड्वेन : ती नाही करू शकत. नियम आहे. एवढ्या लहान मुलींना कॉलेजच्या कोचनं फोन करायचा नाही.

मार्ला : चांगला नियम आहे.

ड्वेन : आपण केला तर चालतो.

मार्ला : आपण म्हणजे?

ड्वेन : काइसानं. म्हणजे असं, की ब्रॅनिगन आपल्या क्लबच्या कोचला निरोप देते. तो आपल्याला सांगतो, अमुक वाजता फोन लावा, कदाचित ती टेबलापाशीच असेल.

मार्ला : आणि असते?

ड्वेन : दर वेळी.

मार्ला : काय योगायोग! म्हणजे बाईनं पोरीला फोन केला तर गुन्हा, आणि पोरीनं बाईला केला तर नशीब. ज्यानं हा नियम केला त्याला एकदा माझ्या पार्लरमध्ये आण. फुकट केस कापून देते. एकाच बाजूचे.

ड्वेन : तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते.

मार्ला : बरं, खोट राहू दे. लिहून काय देणार ते सांग.

ड्वेन : लिहून आत्ता काही नाही. तोंडी. कागदावर सही बारावीच्या नोव्हेंबरात.

मार्ला : म्हणजे आठवीत साखरपुडा आणि बारावीत लग्न. मधल्या काळात नवरदेवाला दुसरी आवडली तर?

ड्वेन : असं करत नाहीत गं लोक. शब्द दिला म्हणजे दिला.

मार्ला : आणि आपलंच मन बदललं तर?

ड्वेन : आपण लाहती आहोत. माझ्या आजोबांनी शेजाऱ्याला होडी देतो म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी ती होडी बुडाली. तर त्यांनी नवीन बांधून दिली.

मार्ला : ऐकलंस काइसा? कुणाला काही कबूल करायच्या आधी होडी बांधायला शिक.

काइसा : हं.

मार्ला : आणि जिच्याबद्दल एवढं चाललंय तिला कुणी विचारलं का? तुला काय आवडलं गं तिथलं?

काइसा : आइस्क्रीमचं मशीन.

मार्ला : काय?

काइसा : जेवणाच्या हॉलमध्ये आहे. कितीही वेळा घेता येतं. कुणी काही बोलत नाही.

मार्ला : झालं, ड्वेन. चार वर्षांचा प्रश्न मिटला.

ड्वेन : अगं, खेळाचं सांग ना काइसा! ब्रॅनिगन तुझ्याशी आत एकटीशी बोलली, तेव्हा काय म्हणाली?

काइसा : म्हणाल्या, मी बचावाला उलटं स्केटिंग करत येते, ते बाकीच्या मुलींच्या सुलट्यापेक्षा वेगवान आहे.

ड्वेन : ऐक, मार्ला, ऐक!

काइसा : मग विचारलं, पुढे काय शिकायचंय. मी म्हटलं, माहीत नाही. तर म्हणाल्या, छान, मग काहीच अडचण नाही.

मार्ला : हो, तसंही शाळाकॉलेजात शिकणं म्हणजे अडचणच.

काइसा : बाबा, तुला काय वाटतं?

ड्वेन : माझं सोड. आयुष्य तुझं आहे.

काइसा : पण तुला काय वाटतं?

ड्वेन : मला काय वाटायचंय? मी खाणीत दगडांचा ट्रक चालवतो. भरलेला वर न्यायचा, रिकामा खाली आणायचा. उद्या ते म्हणाले येऊ नकोस, तर जायचं नाही. आणि तुझं चार वर्षांनंतरचं आज ठरतंय, काइसा! आपल्या घरात पुढच्या महिन्याचं तरी कधी ठरलंय?

काइसा : मग हो म्हणते.

मार्ला : जरा थांब. पिझ्झावर काय घालायचं हे ठरवायला तुला अर्धा तास लागतो. रविवारपर्यंत वेळ आहे.

काइसा : रविवारपर्यंत मी तेच घोकत बसेन. आत्ताच सांगते.

ड्वेन : थांब थांब, या पंपावर गाडी घेतो. पुढे जंगलात रेंज जाते. हां, लाव आता.

काइसा : वाजतोय... हॅलो? मी काइसा लाहती... हो, वाटेतच आहोत... मी हो म्हणायला फोन केला... हो... हो, सगळ्यांना आवडलं... थँक यू. थँक यू. बाय.

मार्ला : उचलला लगेच?

काइसा : पहिल्याच रिंगला.

मार्ला : टेबलापाशीच असेल बिचारी.

ड्वेन : काय म्हणाली? काय म्हणाली?

काइसा : आमच्या कुटुंबात स्वागत, म्हणाल्या. आणि ट्विटरवर टाक म्हणाल्या. त्यांना स्वतःला टाकता येत नाही, नियम आहे.

मार्ला : कुटुंबात! वा. मग घरी जाऊन सिग्नेला सांगते, तुझी ताई आता दुसऱ्या घरची झाली. नऊ वर्षांची आहे, घेईल समजून.

काइसा : बाबा? रडतोयस?

ड्वेन : छे. हीटरची हवा लागली डोळ्यांना.

मार्ला : हीटर बंद आहे, ड्वेन.

*

(साडेतीन वर्षांनी, सप्टेंबरात. काइसा बारावीत आहे. मार्ला घरातच, स्वयंपाकघरात, तिचे केस कापते आहे.)

मार्ला : मान खाली. हललीस तर कानासकट जाईल. युनिव्हर्सिटीचं उत्तर आलं का?

काइसा : आलं एकदाचं. दीड ओळ.

मार्ला : वाच.

काइसा : ‘दुपारी प्रयोगशाळा असलेले विषय सरावाच्या वेळेत येतात, म्हणून आमच्या मुली ते सहसा घेत नाहीत. बहुतेकजणी संवादशास्त्र घेतात आणि त्यांना ते फार आवडतं.’ पुढे एक हसरा चेहरा.

मार्ला : संवादशास्त्र! वर्षभरात ज्या कोचनं एक फोन केला नाही तिच्याकडे? शिकवतं कोण, भिंत?

काइसा : आता तर त्यांना फोन करायची परवानगीही आहे. बारावीच्या मुलींना जुलैपासून करता येतो.

मार्ला : बघ ना. बंदी होती तेव्हा नुसती तडफडत होती. बंदी उठली आणि सगळा उत्साहच गेला.

काइसा : आई, मला नाही जायचं तिथे.

मार्ला : माहीत आहे.

काइसा : कसं काय?

मार्ला : दोन उन्हाळे तू गुरांच्या त्या डॉक्टर हॅल्वरसनबाईंबरोबर गोठे हिंडतेयस. गायीत खांद्यापर्यंत हात घालून येतेस आणि जेवताना त्याचं वर्णन करतेस. मी ओव्हनमधून बटाट्याचा गरमागरम हॉटडिश काढते आणि कुणी तोंड लावत नाही. संवादशास्त्रवाल्या मुली असं करत नसाव्यात.

काइसा : दक्षिणेकडे एक छोटं कॉलेज आहे. गुरांच्या डॉक्टरकीच्या आधी जे लागतं ते सगळं तिथे शिकवतात. हॉकीची टीमपण आहे. खेळासाठी पैसे देत नाहीत, पण मार्कांवर थोडे देतात.

मार्ला : मार्क आहेत तुझे. उरलेलं मी बघते. टॅमरॅकमधली डोकी काही कापून संपलेली नाहीत.

काइसा : पैशांचं नाही गं. बाबाचं.

मार्ला : हं.

काइसा : युनिव्हर्सिटीची ती टोपी तो फक्त झोपताना काढतो. गावातल्या पेट्रोल पंपावर अजून पाटी आहे, ‘अभिनंदन काइसा’. वादळात त्यातलं एक अक्षर पडलं, तर त्यानं स्वतः शिडी लावून चिकटवलं.

मार्ला : आणि खाण बंद होती तेव्हा? रोज सकाळी कॉफी ओतून घ्यायचा आणि म्हणायचा, ‘काइसाचं तर ठरलंय.’ ते वाक्य मी दहा महिने टोस्टला लावून खाल्लंय.

काइसा : म्हणून तर. आणि आपण लाहती आहोत. शब्द दिला की...

मार्ला : मी लग्नानं लाहती आहे. माझ्या बाजूनं तुला शब्द फिरवायची पूर्ण मुभा. जा, बाबाला सांग आणि मोकळी हो.

काइसा : नाही. आधी तिला फोन करणार.

मार्ला : का?

काइसा : बाबाला आधी सांगितलं तर तो काही बोलणार नाही. नुसता माझ्याकडे बघेल. आणि मी परत हो म्हणेन.

मार्ला : थांब मग. मागची बाजू सरळ करून देते. वाईट बातमी देताना केस तरी नीट असावेत.

काइसा : फोनवर दिसत नाहीत, आई.

मार्ला : दिसत नाहीत. पण आपल्याला माहीत असतं.

*

काइसा : कोच ब्रॅनिगन? मी काइसा.

कोच : काइसा! किती छान वाटलं ऐकून! कुठली... हॅलो, आवाज तुटतोय जरा.

काइसा : काइसा लाहती. टॅमरॅकची.

कोच : अर्थात, टॅमरॅक! आमच्या कुटुंबातली! गुडघा कसा आहे आता?

काइसा : चांगला आहे. दोन्ही चांगले आहेत. कधी दुखावलेच नव्हते.

कोच : वा, म्हणजे लवकर बरी झालीस.

काइसा : कोच, मला तुम्हाला काही सांगायचंय. बोलताना मी गडबडते, म्हणून लिहून काढलंय. वाचून दाखवलं तर चालेल?

कोच : वाच ना.

काइसा : ‘प्रिय कोच ब्रॅनिगन. मी चौदा वर्षांची असताना तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात, हे मी कधीच विसरणार नाही. आमच्या घरात दिलेला शब्द फार मोठा मानतात. म्हणून हे सांगताना मला...’

कोच : तू येत नाहीयेस.

काइसा : अजून तीन परिच्छेद आहेत.

कोच : नको, नको, पोहोचलं. थँक यू, काइसा. अगदी मनापासून. तू आमची केवढी मोठी... म्हणजे, केवढा मोठा निर्णय घेतलास!

काइसा : तुमची केवढी मोठी काय?

कोच : काही नाही गं.

काइसा : अडचण दूर केली?

कोच : हे बघ, तू समजूतदार आहेस म्हणून सांगते. तुझ्या वर्षासाठी आमच्याकडे जागा आहेत पाच. आणि होकार आहेत नऊ.

काइसा : पाच जागांसाठी नऊ मुलींनी हो म्हटलंय?

कोच : आम्ही नऊजणींना हो म्हटलंय. वेगवेगळ्या वेळी. आठवीतली मुलगी बारावीत कशी निघेल हे आम्ही तरी काय सांगणार? कुणाची उंची थांबते, कुणाचा गुडघा जातो, कुणाला खेळाचा कंटाळा येतो. गळतात काही आपोआप. यंदा कमी गळल्या.

काइसा : फारच चिवट निघालो आम्ही.

कोच : हो ना!

काइसा : मग उरलेल्या चौघींना कधी सांगणार होतात?

कोच : ऑक्टोबरात. एकेकीशी नीट बोलून. आणि टीममध्ये घेतोच की त्यांना. फक्त फी ज्याची त्यानं भरायची.

काइसा : मी त्या चौघींतली होते का?

कोच : असं नाव घेऊन काही ठरवलं नव्हतं.

काइसा : नाव तुम्हाला आठवतच नव्हतं, कोच.

कोच : वर्षाला किती मुली बघते मी, काइसा...

काइसा : हो ना. मी गेले दोन आठवडे गोठ्यात गायींसमोर उभी राहून तुमची माफी मागायची तालीम करत होते. एका गायीला तर फारच वाईट वाटलं.

कोच : किती गोड! तू आता हे मनाला लावून घेऊ नकोस. दोघींच्याही सोयीचंच झालं. आणि हो, फोन ठेवायच्या आधी... तुझी धाकटी बहीण, सिग्ने, ती सातवीत आहे ना? उन्हाळ्यातल्या स्पर्धेचा तिचा व्हिडिओ बघितला मी. काय हात आहेत! डावीकडून वळून तिनं जो गोल मारला...

काइसा : तिचं नाव बरोबर आलं.

कोच : असे हात दहा वर्षांत एखादवेळी दिसतात. पुढच्या महिन्यात आमच्याकडे लहान मुलींचं शिबिर आहे. मला तिला फोन करता येत नाही, तुला माहीतच आहे. पण तिनं मला केला, तर...

काइसा : तुम्ही टेबलापाशीच असाल.

कोच : अगदी!

काइसा : ती बारा वर्षांची आहे, कोच. मांजर शेजारी नसेल तर तिला झोप लागत नाही.

कोच : तूही लहानच होतीस की. आणि बघ, किती छान झालं सगळं.

काइसा : हो, फारच छान. तुमचा नंबर देईन मी तिला. ती बारावीत गेली की.

कोच : तोवर जागा कुठे राहतात गं?

काइसा : राहत नसतील. पाच जागांना नऊजणी आधीच आलेल्या असतील. बाय, कोच. जेवणाच्या हॉलमधल्या आइस्क्रीमच्या मशीनला माझा नमस्कार सांगा.

*

ड्वेन : तुझ्या बाजूनं उचल... हां... थांब, माझा पाय रुतलाय चिखलात. आता ओढ.

काइसा : बाबा, बुटात पाणी गेलं.

ड्वेन : ऑक्टोबरात तळ्यातला होडीचा लाकडी धक्का काढायचा म्हणजे बुटात पाणी जाणारच. तसाच ठेवला तर हिवाळ्यात बर्फ त्याचा चुरा करेल. चल, पुढचा तुकडा.

काइसा : मला काही सांगायचंय.

ड्वेन : सांग. पण फळी सोडू नकोस.

काइसा : युनिव्हर्सिटीला मी नाही म्हणून कळवलंय.

ड्वेन : कुठल्या युनिव्हर्सिटीला?

काइसा : आपल्या. म्हणजे त्यांच्या. कोच ब्रॅनिगनला फोन केला आणि सांगितलं, मी येत नाही.

ड्वेन : येत नाही?

काइसा : बाबा, फळी तू सोडलीस.

ड्वेन : कधी?

काइसा : आत्ता.

ड्वेन : फोन कधी केलास?

काइसा : मागच्या आठवड्यात.

ड्वेन : आणि मला आज सांगतेस. वा. पंपावरच्या पाटीलाही कळवून झालं असेल, की तिच्या आधी माझा नंबर लागला?

काइसा : फक्त आईला माहीत आहे.

ड्वेन : आईला नेहमीच माहीत असतं. आपण शब्द दिला होता, काइसा.

काइसा : मी दिला होता. दातांना तारा होत्या तेव्हा.

ड्वेन : तारा होत्या म्हणून काय शब्द अर्धा होतो?

काइसा : त्यांच्याकडे जागा पाच होत्या, बाबा. आणि हो म्हटलं होतं नऊजणींना. तिनं स्वतः सांगितलं.

ड्वेन : पाच जागांना नऊ?

काइसा : काही गळतात म्हणे आपोआप. मी गळणाऱ्यांत होते. मी फोन केला नसता तर या महिन्यात त्यांनीच केला असता. एकेकीशी नीट बोलणार होत्या.

ड्वेन : आणि मी साडेतीन वर्षं ती टोपी घालून फिरतोय. रक्त तपासायला गेलो, टोपी. मतदानाला गेलो, टोपी. मावशीला पुरलं त्या दिवशीही डोक्यावर टोपी.

काइसा : चर्चमध्ये काढली होतीस.

ड्वेन : कबरीपाशी परत घातली. मावशीला दिसावी म्हणून.

काइसा : सॉरी, बाबा.

ड्वेन : तू कशाला? त्या बाईला आमच्या खाणीच्या ऑफिसात घ्यायला हवं. मी शिफारस करतो. माणसं आधी भरपूर घ्यायची आणि मग एकेकाला आत बोलावून नीट बोलायचं. मला बोलावलं तेव्हाही फार नीट बोलले होते. बिस्किटंसुद्धा होती.

काइसा : आठवतंय. एक तू सिग्नेसाठी आणलं होतंस.

ड्वेन : त्या दिवसांत मी रोज म्हणायचो ना, काइसाचं तर ठरलंय. ते तुझ्यावर ओझं टाकायला नव्हतो म्हणत.

काइसा : माहीत आहे.

ड्वेन : सकाळी उठायला काहीतरी लागायचं. एवढंच.

काइसा : माहीत आहे, बाबा. म्हणून तर सांगायला एवढे दिवस लागले.

ड्वेन : तेव्हा गाडीत, पंपावर... तुला तेव्हाही नकोच होतं का?

काइसा : हवंय की नकोय तेच कळत नव्हतं. तू रडत होतास, तेव्हा मला वाटलं, मी काहीतरी चांगलं केलंय.

ड्वेन : केलंच होतंस.

काइसा : बाबा, ती फळी वाहत चालली.

ड्वेन : जाऊ दे. समोरच्या काठाला लागेल, आणीन उद्या. मग आता जाणार कुठे?

काइसा : दक्षिणेकडे एक छोटं कॉलेज आहे. मला गुरांची डॉक्टर व्हायचंय. त्याच्या आधीचं सगळं तिथे शिकवतात. आणि हॉकी आहे.

ड्वेन : बरी आहे का टीम?

काइसा : मागच्या वर्षी बऱ्याच वेळा हरल्या. स्केटना धार एक प्राध्यापक लावतो. इतिहासाचा.

ड्वेन : अरे देवा.

काइसा : पण तिथली कोच म्हणाली, दुपारी प्रयोगशाळा असेल त्या दिवशी सरावाला उशिरा ये, आम्ही सुरू करून ठेवू.

ड्वेन : असं म्हणाली?

काइसा : हो. आणि अजून एक आहे. ब्रॅनिगननं सिग्नेबद्दल विचारलं.

ड्वेन : सिग्नेबद्दल? काय म्हणाली?

काइसा : असे हात दहा वर्षांत एखादवेळी दिसतात.

ड्वेन : हात आहेतच तिचे! उन्हाळ्यात तिनं डावीकडून जो...

काइसा : बाबा.

ड्वेन : मी काही म्हटलं का?

काइसा : तुझे कान लाल झाले.

ड्वेन : पाण्यात उभा आहे मी, ऑक्टोबरात. तिला सांगितलंस?

काइसा : नाही.

ड्वेन : नको सांगूस. आणि यापुढे असलं काही आलं तर मलाही सांगू नकोस. आईला सांग. या बाबतीत मी फार कच्चा माणूस आहे.

काइसा : बरं.

ड्वेन : धर, हा शेवटचा तुकडा. उचल... या गायी लाथा मारतात का गं?

काइसा : मारतात.

ड्वेन : तुला मारलीय?

काइसा : जुलैत. मांडी काळीनिळी झाली होती.

ड्वेन : मला नाही दाखवलीस.

काइसा : तू घरी आलास की एकच विचारायचास, आज बर्फावर किती वेळ होतीस.

ड्वेन : बरं. आता दुसरं विचारतो. एखादी गाय व्यायला अडली, तर काय करता तुम्ही?

काइसा : आधी आत हात घालून बघायचं, वासराचे पाय कुठे आहेत. मग पायांना दोरी बांधायची. पण ओढायचं ते गाय कळ देते तेव्हाच. मधे नाही.

ड्वेन : आणि मधे काय करायचं?

काइसा : मधे काही नाही, बाबा. नुसतं उभं राहायचं.